शाळेत मोबाईलचा नियम बसवायचा तर आधी निरोपाची वाट, मग बंदी

आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागातल्या अनेक मराठी शाळांत दर जूनला एकच क्रम चालतो. पहिल्या पालकसभेत ‘यंदा मोबाईल पूर्ण बंद’ असं जाहीर होतं. जुलैत दोन-चार फोन जप्त होतात. मग एखादे वडील ऑफिसात येऊन भांडतात, आणि गणपतीच्या सुट्टीनंतर दप्तरात पुन्हा फोन दिसू लागतात. पुढच्या जूनला तीच घोषणा.

चूक घोषणेत नसते, क्रमात असते. शाळाच रात्री आठ वाजता गृहपाठ व्हॉट्सअॅपवर टाकते, पावसाची सुट्टी व्हॉट्सअॅपवरच कळते, आणि संध्याकाळची बस चुकली तर घरी कळवायला मुलीला दुसरा मार्ग नसतो. अशा शाळेत फोनबंदी म्हणजे आधी कळस, मग पाया. बंदी सगळ्यात शेवटी येते. तिच्याआधी निरोपाच्या दोन वाटा पक्क्या कराव्या लागतात: शाळेकडून घरी जाणारी आणि मुलाकडून घरी जाणारी.

मी स्वतः हा नियम एकदा उलट्या क्रमाने बसवायला गेलो आणि तो दोन महिन्यांत मोडला. दुसऱ्या वेळी खालच्या क्रमाने गेलो तेव्हा टिकला. पूर्ण बसायला साधारण सहा आठवडे धरा.

टप्पा १ : आधी मोजा

पहिला आठवडा फक्त माहितीसाठी ठेवा. या आठवड्यात एकही फोन जप्त करू नका.

प्रत्येक मुलाबरोबर घरी एक चिठ्ठी पाठवा. तिच्यावर पाचच प्रश्न:

१. घरात फोन किती, त्यांतला बटणांचा कोणता आणि स्मार्टफोन कोणता?
२. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा या वेळेत तो कोणाजवळ असतो?
३. निरोप कोणत्या लिपीत वाचता येतो : मराठी, कन्नड, उर्दू, की वाचताच येत नाही?
४. घरात रेंज येते का, की गावाबाहेर यावं लागतं?
५. मूल शाळेत फोन आणत असेल, तर का?

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. खानापूर तालुक्यात कितीतरी घरांतले वडील गोव्यात कामाला असतात. शाळेच्या यादीत त्यांचाच नंबर असतो, म्हणून ‘मुलाला ताप आहे, घेऊन जा’ हा निरोप पणजीला पोहोचतो आणि आई शेतात असते. बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात पाळीला गेलेल्या माणसाला फोन उचलता येत नाही. यादीत नंबर असणं आणि निरोप पोहोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पाचव्या प्रश्नाची उत्तरं वाचताना घाई करू नका. रील आणि गेम हे कारण असतंच, पण बस, क्लास, आजारी आजी, घरी कोणी नसणं ही कारणंही येतात. या प्रत्येक कारणाला पुढे उत्तर द्यायचं आहे.

सावध : वर्गात ‘कोणाकडे मोबाईल आहे, हात वर करा’ असं विचारू नका. ज्याच्याकडे आहे तो लपवतो, ज्याच्याकडे नाही तो ओशाळतो. हाती आलेला आकडाही खोटा असतो.

तपासा : चिठ्ठीवरच्या प्रत्येक नंबरावर एकदा शाळेतून रिंग द्या. रिचार्ज संपून बंद पडलेले, बदललेले, दुसऱ्याच कोणाचे असे नंबर इथेच बाहेर पडतात. या कामाला दोन दुपारी जातात. त्या वाया गेल्या असं समजू नका.

टप्पा २ : शाळेचे निरोप सरळ करा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. बहुतेक शाळा हा टप्पा गाळतात, आणि नियम इथेच फसतो.

गृहपाठ फोनवरून काढून टाका. गृहपाठ फळ्यावर, फळ्यावरून वहीत, आणि तिथेच संपला पाहिजे. रात्री ग्रुपवर गृहपाठ आला की मूल हक्काने फोन मागतं, आई देते, आणि पाच मिनिटांच्या कामासाठी घेतलेला फोन साडेदहापर्यंत हातात राहतो. पालकांना ‘मुलाला फोन देऊ नका’ सांगायचा अधिकार शाळेला गृहपाठ फोनवरून काढल्यावरच मिळतो. एखादं मूल गैरहजर असेल तर शेजारच्या मुलाची वही आहेच. ही सवय एका आठवड्यात परत येते, अट एवढीच की एकाही शिक्षकाने सूट घ्यायची नाही.

ग्रुप एकमार्गी करा. ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन फक्त अॅडमिन मेसेज टाकू शकतील असं करून घ्या. त्याहून बरं म्हणजे व्हॉट्सअॅपची ‘कम्युनिटी’ बनवून तिच्या घोषणांच्या ग्रुपवर निरोप द्या, कारण तिथे एका पालकाचा नंबर दुसऱ्या अनोळखी पालकाला दिसत नाही. ही गोष्ट बारीक वाटेल, पण आईचा नंबर ग्रुपमधून उचलून रात्री-अपरात्री ‘हाय’ पाठवणारे निघतात, आणि मग ती बाई मुकाट्याने ग्रुप सोडते. शाळेला कारणही कळत नाही.

काही शिक्षक ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज अनेकांना सुटा-सुटा पाठवायची सोय) वापरतात. त्यात एक खोच आहे. ज्या पालकाने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही, त्याला ब्रॉडकास्टचा मेसेज जातच नाही. शिक्षकाला वाटतं सगळ्यांना गेला. म्हणून ही पद्धत वापरायचीच असेल तर पहिल्या पालकसभेत प्रत्येकाच्या फोनमध्ये नंबर सेव्ह करून घ्या.

कन्नड सुत्तोले (परिपत्रक) तसंच पुढे ढकलू नका. बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसातून येणारं परिपत्रक कन्नडमध्ये असतं. त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला की शाळेचं काम झालं असं आपण मानतो. ज्या आईला कन्नड वाचता येत नाही ती ते मुलाला दाखवते, आणि पुन्हा फोन मुलाच्या हातात जातो. मूळ फोटो जरूर टाका, पण त्याच्या वर मराठीत तीन ओळी हव्यातच: काय, कधी, कोणासाठी. फोनवरच्या अॅपने भाषांतर केलंत तर तारीख, वार आणि नकार या तीन जागा कन्नड वाचणाऱ्या सहकाऱ्याकडून बघून घ्या. ‘नाळे रजे इदे’ म्हणजे उद्या सुट्टी आहे, ‘नाळे रजे इल्ला’ म्हणजे नाही. सगळा अर्थ शेवटच्या शब्दात. फोटोची कड कापली गेली तर नेमका तोच शब्द जातो.

बटणांच्या फोनसाठी साधा एसएमएस ठेवा. इथे मोजमाप माहीत असलं पाहिजे. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० चिन्हं बसतात, देवनागरीत फक्त ७०. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. त्याहून लांब मेसेजचे तुकडे होतात, पैसे वाढतात आणि जुन्या फोनवर तुकडे मागेपुढे पोहोचतात. ‘सर्व पालकांना कळविण्यात येते की’ एवढ्यातच तीसेक चिन्हं जातात. असा लिहा:

‘बुधवार १५ जुलै पावसामुळे शाळा बंद. गुरुवारी भरेल. हेडमास्तर’

हा साठ चिन्हांच्या आत बसतो. नुसतं ‘उद्या’ लिहू नका. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात वीज जाते, रेंज जाते, आणि मंगळवारचा मेसेज बुधवारी सकाळी पोहोचतो. तेव्हा त्यातला ‘उद्या’ गुरुवार होतो.

जिथे रेंजच नाही, तिथे वाडीमागे एक घर ठरवा. त्या घराला शाळा फोन करेल, आणि ते घर चार दारांत जाऊन सांगेल. आणखी एक घर राखीव ठेवा. जुनी पद्धत आहे, पण पावसाळ्यात हीच चालते.

पावसाच्या सुट्टीचा मेसेज : तीन तपासण्या

दर पावसाळ्यात गेल्या वर्षीच्या आदेशाचा फोटो नव्याने फिरतो. निपाणी आणि चिकोडीकडे तर कोल्हापूर जिल्ह्याच्या सुट्टीचे आदेशही पाहुण्यारावळ्यांच्या ग्रुपमधून येतात. वेदगंगा-दूधगंगेला पाणी चढलं की दोन्हीकडे एकाच दिवशी चर्चा असते, त्यामुळे ते खरे वाटतात. मराठीत असल्याने तर आणखीच. पण कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आपल्याला लागू नाही.

पुढे पाठवण्याआधी पाहा: आदेशावर वर्ष कोणतं, जिल्हा कोणता, आणि तालुक्यांच्या यादीत आपला तालुका आहे का. खानापूर तालुक्याला सुट्टी असली म्हणून शेजारच्या तालुक्याला असतेच असं नाही. आणि पालकांना एक गोष्ट पक्की सांगून ठेवा: शाळेच्या नंबरावरून आला तोच निरोप खरा.

तपासा : एक चाचणी निरोप पाठवा. ‘हा निरोप मिळाला असेल तर उद्या मुलाच्या वहीत सही करून पाठवा.’ दुसऱ्या दिवशी सह्या मोजा. ज्यांची सही नाही त्यांची नावं घेऊन बसा आणि कारण शोधा. दहातल्या नऊ घरांपर्यंत निरोप पोहोचेपर्यंत पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

टप्पा ३ : मुलांसाठी शाळेचा फोन

आता उलटी वाट. ऑफिसात एक फोन ठेवा, साधा बटणांचा चालेल. त्यावरून कोणत्याही मुलाला घरी फोन करता येईल, विनामूल्य, आणि ‘कशाला हवाय?’ अशी उलटतपासणी न करता. शेजारी एक वही: नाव, वर्ग, वेळ, कोणाला. बस.

ही वाट खरी आहे हे मुलांना पटायला वेळ लागतो. एका मुलीची कथा मला विसरता येत नाही. आठवीत होती, लांबच्या वाडीतून बसने यायची. दप्तरात फोन सापडला म्हणून तिला ऑफिसात उभं केलं. विचारलं तेव्हा म्हणाली, “सर, शेवटची बस चुकली की बाबांना सांगायचं कसं? मागच्या वेळी ऑफिसला कुलूप होतं.” तिचं खरं होतं. आमचं ऑफिस साडेचारला बंद व्हायचं आणि बस त्यानंतरची. तेव्हापासून फोन सांभाळणारा शेवटची बस सुटेपर्यंत थांबतो, असं ठरलं. पाळी लावा, एकाच शिपायावर टाकू नका.

पालकांचे फोनही याच नंबरावर यावेत. वर्गशिक्षकांच्या खाजगी फोनवर तासाला रिंग वाजत राहिली तर मुलांना नियम सांगणार कोण?

सावध : शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात खाजगी चॅट नको, चांगल्या हेतूनेसुद्धा नको. अभ्यासाची शंका वर्गात विचारायची, निरोप पालकांच्या नंबरावर द्यायचा. यात मुलाचं रक्षण आहे आणि शिक्षकाचंही.

टप्पा ४ : नियम लिहा, एसडीएमसीत (शाळा विकास व देखरेख समितीत) मांडा

नियम एका पानात बसला पाहिजे. त्यात पाच गोष्टी लिहा: कोणत्या वर्गाला काय लागू, फोन आणायला परवानगी कोण देणार, शाळेत तो कुठे राहणार, मोडल्यास काय होणार, आणि फोन हरवल्यास जबाबदारी कोणाची.

माझं मत स्पष्ट आहे. सातवीपर्यंत फोन शाळेत येऊच नये. आठवी ते दहावीत ज्याला खरी गरज आहे त्याने पालकांच्या लेखी अर्जावर आणावा आणि सकाळी जमा करावा. सरसकट बंदी हायस्कुलात टिकत नाही, कारण लांबून येणाऱ्या मुलांची गरज खरी असते. सरसकट परवानगी दिली तर मधल्या सुट्टीत पटांगण ओस पडतं. अठरा वर्षांखालच्या मुलाला सिमकार्ड मिळत नाही, म्हणजे मुलाच्या हातातला नंबर कोणा मोठ्या माणसाच्या नावावर असतो. अर्जावर त्याच माणसाची सही घ्या.

शिक्षण खात्याकडून मोबाईलबाबत काही सूचना आली असेल तर तिच्याशी नियम जुळवून घ्या. मग एसडीएमसीच्या बैठकीत मांडा, ठराव वहीत लिहा, सह्या घ्या. बैठकीला आया आल्याच पाहिजेत, कारण संध्याकाळी घरी मुलाच्या हातातला फोन त्याच काढून घेणार आहेत. बैठक दुपारी ठेवली तर शेतावरची बाई येत नाही. संध्याकाळी किंवा बाजाराचा दिवस सोडून ठेवा.

नियमाची प्रत मराठी आणि कन्नड दोन्हींत करा. उद्या तक्रार वर गेली तर वाचणारा अधिकारी कन्नड प्रत मागेल, आणि तेव्हा घाईत केलेल्या भाषांतरावर शाळेची बाजू उभी करावी लागेल.

टप्पा ५ : जमा आणि परत

१. शाळा भरण्याआधी पंधरा मिनिटं ऑफिसच्या खिडकीत जमा.
२. मुलानेच फोन बंद करायचा. सायलेंट नव्हे, बंद.
३. कापडी पिशवी, तिच्यावर क्रमांक, तोच क्रमांक वहीत. शाळेच्या शिवणकाम येणाऱ्या पालकांकडून पिशव्या दोन दिवसांत होतात.
४. कुलपाचं कपाट, किल्ली एकाच माणसाकडे. तो रजेवर असेल तर कोणाकडे, हेही लिहून ठेवा.
५. शेवटच्या घंटेला परत, सही घेऊन. बसची मुलं आधी.

पाचव्या पायरीवरच गर्दी होते आणि एकाचा फोन दुसऱ्याकडे जातो. वर्गवार सोडा. पावसाळ्यात पिशव्या भिंतीला लागून ठेवू नका, आपल्याकडच्या जुन्या कौलारू इमारतींत ओल मुरते. आणि जमा झालेल्या फोनचा ढीग मुलांच्या डोळ्यांसमोर टेबलावर पडू देऊ नका.

टप्पा ६ : नियम मोडून फोन सापडला तर

इथे राग आवरणं हेच मोठं काम. मुलाला सांगून फोन त्याच्या हाताने बंद करून घ्या. पिशवीत घाला, वहीत नोंद करा, पावतीची चिठ्ठी मुलाला द्या. त्याच दिवशी पालकांना कळवा आणि फोन पालकांच्याच हाती परत द्या. पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा पालकांशी बसून बोलणं, तिसऱ्यांदा त्या सत्रापुरती परवानगी रद्द.

करू नयेत अशा गोष्टी, ज्या मी होताना पाहिल्या आहेत:

फोन उघडून मेसेज मोठ्याने वाचणं. एका मुलाचा मेसेज असा वर्गासमोर वाचला गेला. तो पंधरा दिवस शाळेत आला नाही.

फोन महिनाभर ठेवून घेणं. अनेक घरांत तो एकच फोन असतो. त्यावर गोव्यातल्या वडिलांचा फोन यायचा असतो, गॅसचा नंबर येतो, बँकेचा ओटीपी येतो. शिक्षा मुलाला आणि अडचण सगळ्या घराला.

फोडणं, मारणं, अंगठे धरून उभं करणं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही मना करतं.

टप्पा ७ : घाणेरडा फोटो, धमकी, बदनामी

ही बाब टप्पा ६ मध्ये मिसळू नका. हा शिस्तीचा प्रश्न राहिलेला नसतो.

धमकीचे किंवा चिडवण्याचे मेसेज असतील तर मुलाला ते पुसू देऊ नका. आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर पुरावा काही तासांत जातो. नंबर, तारीख, वेळ कागदावर उतरवा आणि पालकांना बोलवा.

मुलाचा किंवा मुलीचा लैंगिक स्वरूपाचा फोटो वा व्हिडिओ असेल, तर तो कोणालाही पुढे पाठवायचा नाही. मुख्याध्यापकांना ‘पुरावा म्हणून’ नाही, शिक्षकांच्या ग्रुपवर तर मुळीच नाही, आणि आपल्या फोनवर त्याचा फोटोही घ्यायचा नाही. असा मजकूर पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे, मग पाठवणारा शिक्षक का असेना. फोन तसाच बंद करून ठेवा. २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून जपणाऱ्या कायद्याप्रमाणे अशी घटना कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाही गुन्हा आहे. ‘गावात बोभाटा नको, आपसात मिटवू’ असं म्हणणारी चार वजनदार माणसं लगेच जमतात. त्यांना नम्रपणे हा कायदा दाखवा.

मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८, तातडीचे पोलीस ११२, ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली तर १९३०. हे तीन नंबर मोठ्या अक्षरांत ऑफिसच्या फोनजवळ चिकटवा.

सावध : त्या मुलीला ‘तू फोटो पाठवलासच का’ हा प्रश्न कोणीही विचारायचा नाही. हा प्रश्न कानावर पडला की पुढची मुलगी तोंडच उघडत नाही.

टप्पा ८ : वर्गात शिक्षकांचा फोन

शिक्षकांनी फोन वर्गात न्यायचा तो धड्यासाठी, आणि मुलांना तसं सांगून. ‘आता पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड उघडतो आहे’ एवढं एक वाक्य पुरे.

आपल्या भागात एक चूक वारंवार होते. ‘दहावी विज्ञान मराठी’ असं यूट्यूबवर शोधलं की महाराष्ट्र मंडळाचे धडे समोर येतात. भाषा आपली, समजावणं छान, पण अभ्यासक्रम कर्नाटकाचा नाही. धड्यांचा क्रम वेगळा, काही ठिकाणी शब्दही वेगळे. मुलं घरी तेच बघून एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकाच्या दहावीच्या परीक्षेला बसतात आणि पेपर पाहून गोंधळतात. व्हिडिओ सुचवण्याआधी पाठ्यपुस्तकातल्या धड्याचं नाव ताडून पाहा. कर्नाटक पाठ्यपुस्तक सोसायटीच्या संकेतस्थळावर मराठी माध्यमाची पुस्तकंही मिळतात. ती शाळेच्या फोनवर उतरवून ठेवली की रेंज नसतानाही उघडतात.

महिन्याने काय तपासायचं

जमा-वही आणि ऑफिसच्या फोनची वही शेजारी ठेवा. ऑफिसच्या फोनवरचे कॉल वाढत असतील आणि जमा होणारे फोन कमी होत असतील, तर क्रम बरोबर लागला आहे. ऑफिसचा फोन कोणी वापरतच नसेल तर तो बंद असतो किंवा तिथे बसणारं माणूस रागीट आहे. मुलांनाच विचारा.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर सगळे नंबर पुन्हा एकदा फिरवा, कारण तोवर कोणी गोव्याला गेलेलं असतं, कोणी परत आलेलं. एसएसएलसीच्या मुलांना फोन परीक्षा केंद्रावर नेऊ नका हे फेब्रुवारीतच सांगा, आणि केंद्र दुसऱ्या गावी असेल तर आणण्या-सोडण्याची वेळ पालकांशी आदल्या दिवशी ठरवा. वर्ष संपलं की बाहेर पडलेल्या वर्गाच्या पालकांना ग्रुपमधून काढा आणि नव्या मुलांच्या चिठ्ठ्या प्रवेशाच्या अर्जाबरोबरच भरून घ्या.